भुवईतला वण

परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय, कसं आहे लंडन?" मी "थंड आहे" म्हणतो, गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतो आणि हनुवटी जरा वर करायला लावतो. एरवी मला बोलायला निमित्त लागत नाही, हे अख्ख्या बार्शीला ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर तीन महिन्यांत लंडन मी फार थोडं पाहिलं. जे पाहिलं ते समुद्राकाठचं एक गाव. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं एका माणसाला नावाशिवाय पुरलेलं आहे, आणि तो आमच्या गल्लीतला संतोष आहे की नाही हे ठरवायला मला तिथं जावं लागलं.

मी फोटोग्राफर. बत्तीस वर्षं स्टुडिओ चालवतोय. लग्नं, बारशी, पासपोर्ट, स्थळासाठी द्यायचे फोटो, आणि पोलिसांचा निरोप आला की पंचनाम्याचे फोटो. विहिरीतली, रुळावरची, लॉजमधली प्रेतं मी पाहिली आहेत. तेव्हा मला मेलेल्या माणसाची भीती वाटते असं कुणी समजू नये.

बेसिंगस्टोक

माझी मुलगी मीनल आणि जावई इंग्लंडातल्या या गावात एका बिझनेस पार्कमध्ये नोकरीला आहेत. गाव नीटनेटकं, इतकं की माणसाला आपण कुठे तरी डाग पाडू असं वाटत राहतं. कचऱ्याचे तीन डबे, आणि कौन्सिलची गाडी कोणत्या आठवड्यात कोणता डबा नेणार याचा तक्ता फ्रिजवर. पहिल्याच दिवशी मी चहाचा चोथा चुकीच्या डब्यात टाकला. सहा वर्षांच्या नातीने, ईराने, मला समोर उभं करून समजावलं, "आजोबा, हा चोथा फूड बिनमध्ये जातो. तुमचा चूक झाला." बार्शीत मला इतकं स्पष्ट कुणी बोलत नाही.

बार्शीहून निघताना रेखाने एक पाकीट दिलं होतं, त्यात संतोषचा फोटो आणि एक पत्र. रेखा म्हणजे संतोषची बायको. माझ्या दुकानामागच्या बोळात राहते, फॉल-पिको करते. संतोष वेल्डिंग करायचा. वसतिगृहात वाढलेला, आईबाप कोण ते माहीत नाही, आडनावसुद्धा अधीक्षकांनी दिलेलं. लग्नाला आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही. दीड वर्षापूर्वी एका एजंटाने त्याला आधी सर्बियात कामाला म्हणून नेलं, तिथून पुढे कसा कसा तो फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत गेला. शेवटचा आवाजी निरोप तिथूनच आला: "उद्या सकाळी बोट आहे. पोचलो की फोन करतो. इथं चार्जर मिळत नाहीये." त्यानंतर काही नाही. महिन्याभराने बरोबरच्या एका पंजाबी मुलाने कळवलं की बोट उलटली, काहींना फ्रान्सच्या लोकांनी काढलं, काहींना इंग्लंडच्या, संतोष त्याला पुन्हा दिसला नाही.

कॉलेजातल्या एका मॅडमनी संतोषचा फोटो इंग्लंडमधल्या एका गटाला पाठवला. बोटी उलटून मेलेल्यांची ओळख पटवायला ही मंडळी सवडीने मदत करतात. त्यांचं उत्तर आलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एक अनोळखी पुरुष सापडला आहे, उंची जुळते, पण चेहऱ्याचं वर्णन तुमच्या फोटोशी जुळत नाही. मॅडमनी रेखाला एवढंच सांगितलं, "ते हे नाहीत." रेखाने त्या पत्राची प्रिंट काढली आणि माझ्याकडून लॅमिनेट करून घेतली. मी ते इंग्रजी वाचलं नाही. कडा सरळ येतायत ना तेवढं पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "इल्फर्डला आपल्याकडची खूप माणसं राहतात म्हणे. हे तिथंच कुठे तरी लपून कामाला असतील. पकडतील म्हणून फोन करत नसतील. तेवढं बघा."

एका शनिवारी मीनलला घेऊन लंडनच्या त्या इल्फर्ड भागात गेलो. भाजीची दुकानं, मिठाई, कपडे, सोनं. फुटपाथवर चालताना सोलापूरच्या बाजारात असल्यासारखं वाटलं आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुकानादुकानांत फोटो दाखवला. एका किराणावाल्या सरदारजींनी तो उजेडात धरला, परत दिला आणि हिंदीत म्हणाले, "अंकल, हा वेल्डर आहे? याने कधी ऊन पाहिलंय असं वाटत नाही." मी हसलो. कौतुक केल्यासारखंच वाटलं मला.

परतीच्या गाडीत मीनलने ते लॅमिनेट केलेलं पत्र सहज वाचायला घेतलं आणि मराठीत सांगू लागली. "बाबा, यात लिहिलंय की सापडलेल्या माणसाच्या डाव्या भुवईतून आरपार जुना वण गेलाय. तुमच्या फोटोत तो नाही, म्हणून हा माणूस वेगळा."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मीनलने दोनदा विचारलं काय झालं, तेव्हा म्हणालो, "तो वण मी काढला."

आता हे तिकडच्या माणसांना सांगावं लागतं, आपल्याकडे सांगावं लागत नाही. आपल्याकडे फोटो काढणं म्हणजे फोटो साफ करणं. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्याखालचं काळं, सगळं जातं. रंग दोन पायऱ्या उजळ होतो. पासपोर्टच्या फोटोत काही करायचं नाही असा नियम आहे, पण साफ न करता दिला तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी समोरच्याकडे जातं. संतोष पासपोर्टचा फोटो काढायला आला तेव्हा रेखा बरोबर होती. माझ्या शेजारी कॉम्प्युटरपुढे स्टुलावर बसली होती. बोट स्क्रीनला लावून म्हणाली, "काका, हा वण काढा. तिकडचे साहेब गुंड समजतील." वसतिगृहातल्या लोखंडी खाटेवर पडून झालेला तो वण होता. बाकी गालाबिलावरचं काढायला मिनिटभर लागतं. भुवईतलं काढायचं म्हणजे एकेक केस बसवावा लागतो. म्हणून तर लक्षात राहिलं. आणि साफ केलेला फोटो मी त्याच फाइलवर सेव्ह करतो. मूळ फोटो मी कुणाचेच ठेवत नाही, जागा खातात.

बरं, त्याच्याकडे दुसरा कुठला फोटो नव्हता का? मोबाइल त्याच्याबरोबर गेला. घरात होते ते लग्नाचे, आणि ते कुणी काढले होते, हे मी सांगायला नको.

समुद्राकाठी, गुरुवार

त्या पत्राखाली सही होती ती अनुजाची. मीनलने फोन केला तर ती निघाली लंडनमधल्या हॅरोची. जन्म तिथलाच, आईवडील पुण्याचे, दातांच्या दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी हे काम करते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, ते लेटर मी लिहिला. मी त्यांच्या वाइफला नो सांगितला." तिने अधिकाऱ्यांची वेळ घेतली आणि स्वतः बरोबर यायला तयार झाली.

गाडीत आमची फजिती झाली. तिकडे मधल्या एका स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात, पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. आम्ही थालीपीठ खाण्यात रंगलो आणि भलत्याच तुकड्यातून भलत्याच गावी पोचलो. तासाभराने परत फिरलो. अनुजा सारखी "सॉरी काका" म्हणत होती. मला उशीर झाला तर बरंच वाटत होतं.

गाव दिसायला सुरेख. पांढऱ्या कड्यांवर हिरवळ, खाली गोट्यांचा किनारा, रंगवलेल्या लाकडी खोल्यांची रांग. स्वेटर घातलेली म्हातारी माणसं बाकावर बसून आइस्क्रीम खात होती. वाऱ्याने माझे कान बधिर झाले होते आणि ही माणसं आइस्क्रीम खातात. आकाश स्वच्छ होतं, समोर एक करडी पट्टी दिसत होती. अनुजा म्हणाली, "ते फ्रान्स." मी अंतर विचारलं. म्हणजे बार्शीहून कुर्डुवाडी, जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. तेवढ्या पाण्यात माणसं बुडतात. मला खरंच राग आला, कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

कॉरोनरचं ऑफिस म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारं ऑफिस. तिथले हॉलिस नावाचे अधिकारी, पन्नाशीचे, शांत. त्यांनी स्वतः चहा करून दिला, बरोबर बिस्किटं ठेवली. आमच्याकडे बेवारस प्रेत सापडलं की पेपरात चार ओळी येतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर नगरपालिकेची माणसं उरकून टाकतात. इथं त्या एका माणसाची जाडजूड फाइल होती. कित्येक महिने शीतघरात ठेवून, सगळीकडे विचारून, मग पुरलं होतं. बोटांचे ठसे पाण्याने गेलेले. दातांवर कधी डॉक्टरचा हात लागलेला नाही. अंगावर दोन पँटी, एकीवर एक, आणि कुणी तरी दान दिलेलं जाकीट. आमच्या बार्शीचं म्हणावं असं काही नाही.

मग त्यांनी एक चित्र पुढे ठेवलं. मूळ फोटो पाहवत नाही म्हणून त्यावरून एका बाईने पेन्सिलीने चेहरा काढला होता. मी चष्मा पुसला. धंद्याची नजर जात नाही. मी आधी कामच पाहिलं. सूज उतरवलेली, तोंड मिटलेलं, डोळे उघडलेले. म्हणजे आमच्यासारखंच काम. फक्त तिने भुवईतला वण तसाच ठेवला होता, आणि दोन्ही टोकांना केस जरा वळतात तेही दाखवलं होतं.

"हा तो आहे का?" हॉलिस साहेबांनी विचारलं.

आणि मला सांगता येईना. संतोष माझ्या दुकानासमोरून रोज सायकलवर जायचा. माझ्या दुकानाची जाळी त्याने बसवली. पण डोळे मिटले की मला दिसत होता तो मीच केलेला चेहरा, गोरा, गुळगुळीत. खरा आठवेना. बत्तीस वर्षांत मी किती चेहऱ्यांचं असं केलं असेल. मी एवढंच सांगितलं की वण ओळखतो. हाच वण, हीच भुवई, मी स्वतः बुजवला.

"पासपोर्टच्या फोटोवर?" साहेबांनी अनुजाकडे पाहिलं, भाषांतरात काही घोटाळा झाला का म्हणून. तिने मान हलवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते म्हणाले, पत्नीला विचारू. अनुजाने रेखाला व्हिडिओ कॉल लावला. बार्शीत दुपार उलटली होती. रेखा मशीनपाशी होती, मागे कुणाची तरी जांभळी साडी लटकत होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "सापडले का काका? इल्फर्डला होते?"

मी तिला सगळं सांगितलं, शक्य तितकं हळू. मग विचारलं, "रेखा, संतोषच्या डाव्या भुवईत वण होता ना?"

ती हलली नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"नाही," ती म्हणाली. "कसलाच वण नव्हता."

"अगं, आठव. तूच स्टुलावर बसली होतीस. तूच म्हणालीस, गुंड समजतील."

"काका, तुम्ही दिवसाला किती फोटो करता. दुसऱ्या कुणाचा असेल." आवाज अगदी सरळ होता. "तुमच्याच फोटोत बघा ना. आहे का वण?"

क्षणभर मला स्वतःचीच शंका आली, इतकं तिने ते सहज म्हटलं. अनुजा मान खाली घालून भाषांतर करत होती. हॉलिस साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की रक्ताचं नातेवाईक कुणी नाही, तेव्हा एकच मार्ग उरतो. त्याची वापरलेली वस्तू, दाढीचं रेझर, दात घासायचा ब्रश, कंगवा, न धुता कागदी पाकिटात घालून पाठवली तर डीएनए तपासणीत खरंखोटं कळेल. माझा जबाब फाइल पुन्हा उघडायला पुरेसा आहे, नाव द्यायला नाही.

अनुजाने हे तिच्या मराठीत रेखाला समजावलं. "ताई, तुम्ही काही वॉश करू नका, प्लीज. असाच ठेवा. काका येऊन नेतील."

"बघते," रेखा म्हणाली आणि फोन ठेवला.

समुद्राकाठी, शुक्रवार

आदल्या दिवशी संध्याकाळी मासे आणि बटाट्याच्या जाड फोडी घेतल्या होत्या. अनुजाने व्हिनेगर ओतून दिलं. चव बरी असावी. मी दोन घास खाऊन बाकीचं कागदात गुंडाळलं आणि खोलीवर आलो. वाटेत तिने विचारलं, "काका, त्या खोटं बोलल्या का?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग आपण का फोर्स करायचा?" सकाळपर्यंत मी तेच घोकत होतो. त्या माणसाला त्याचं नाव मिळालं पाहिजे, असं मला वाटत होतं. आणि ते मिळालं की रेखाचं काय होणार, हेही दिसत होतं.

दफनभूमी टेकडीवर आहे. जुन्या भागात दगडी क्रॉस, फुलं, वाकलेली झाडं. त्याची जागा अगदी कडेला, कुंपणापाशी. मातीचा उंचवटा बसला होता, त्यावर गवत आलं होतं. एक लाकडी पाटी, तिच्यावर नंबर आणि "अनोळखी पुरुष" अशा अर्थाचे दोन शब्द. शेजारी तशाच आणखी दोन पाट्या.

गवत कापणारा एक माणूस आम्हाला पाहून यंत्र बंद करून बाजूला झाला. टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं, आम्ही घरचे. अनुजा त्याला समजावायला निघाली, मी तिला थांबवलं.

काय करायचं तेच कळेना. संतोष असेल तर त्याला अग्नी मिळायला हवा होता. नसेल तर हा कोण, कुठल्या धर्माचा, याच्यासाठी कोण कुठे फोनजवळ बसलंय. फुलं आणायची राहिली होती. मी मोबाइल काढला आणि पाटीचा फोटो घेतला, सवयीने. उजेड सपाट होता. मग वाटलं, हा फोटो मी कुणाला दाखवणार आहे? तिथंच उभ्या उभ्या मला रडू आलं. सासष्टाव्या वर्षी परक्या गावात, परक्या पोरीसमोर. अनुजाने माझा दंड धरला. ती म्हणाली, "काका, इथे थर्टी मिनिट्स कोण थांबत नाही. तुम्ही थांबले." मला त्याने काही बरं वाटलं नाही.

निघताना तिने मला चार कागदी पाकिटं दिली, वर फाइलचा नंबर लिहिलेली. "एक्स्ट्रा पण ठेवा," म्हणाली.

उरलेले दिवस बेसिंगस्टोकला गेले. ईराला शाळेत सोडायचं, आणायचं, कोणता डबा कधी ते बघायचं. रेखाला मी रोज मेसेज करत होतो, हात लावू नकोस, धुवू नकोस, मी येतोय. ती रोज वाचत होती. उत्तर आलं नाही.

बार्शी

आलो त्याच सकाळी, बॅगा न उघडता, बोळात गेलो. रेखा मशीनवर बसली होती. उठली, पाणी दिलं, मीनलची, ईराची चौकशी केली. तिकडे फार थंडी असते का विचारलं. मी पाकिटं काढून मांडीवर ठेवली.

"रेखा, मी जबाब लिहून दिलाय. आता तुझ्या हातात आहे. ते नसतील तर तसंही कळेल. मग तू निर्धास्त."

ती आत गेली. एक स्टीलचं ताट घेऊन आली. ताटात घडी घातलेला पांढरा टॉवेल, त्यावर रेझर, दाढीचा ब्रश, दात घासायचा ब्रश, कंगवा, ओळीने मांडलेले. मी रेझर हातात घेतलं. साबणाचा कण नव्हता, पातं नवं होतं. कंगव्याच्या दातांत एक केस नव्हता. सगळ्याला डेटॉलचा वास येत होता.

"तुमचा फोन झाला आणि बंब पेटवला," ती म्हणाली. "सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. त्यांची बनियन, चादर, उशीचे अभ्रे, चपलासुद्धा."

"अगं, धुवू नकोस म्हणून सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी काही तरी बोलेन. तिने ताट माझ्यासमोरून उचललं, टॉवेलची घडी बोटांनी सारखी केली.

"आल्या आल्या त्यांना दाढी करायला लागते," ती म्हणाली आणि ताट आत ठेवायला गेली.